कुंभारणीचा गुंजारव : कीटभृंग न्यायापासून कंपनसंवादाच्या अभ्यासापर्यंत

बीजसंज्ञा : कीटभृंग न्याय, कुंभारीण, एकनाथी भागवत, शनिवार पेठ, कीटकध्वनी, कंपनसंवाद

प्रस्तावना

पुण्याच्या शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना कुंभारीण नावाच्या माशीची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. ओसरीच्या तुळईला, देवळीच्या कोपऱ्यात, भिंतीवरील तसबिरीच्या मागे ती ओल्या मातीचे लहानसे घर बांधते. बांधताना ती एक बारीक, तीव्र आणि थांबून थांबून येणारा आवाज काढते. माशी नजरेला पडण्याआधी हा आवाजच कानी येतो. घर बांधून झाले की ती त्यात एखादी अळी आणून कोंडते, तोंड लिंपून टाकते, आणि काही आठवड्यांनी त्याच घराला भोक पाडून नवी कुंभारीण बाहेर पडते. आत गेली ती अळी आणि बाहेर आली ती माशी! या दोन घटनांमध्ये ऐकू आला तो केवळ गुंजारव. मग त्या गुंजारवानेच अळीची माशी केली असली पाहिजे, असा निष्कर्ष पाहणाऱ्याने काढला तर त्यात नवल नाही.

हाच निष्कर्ष भारतीय परंपरेत 'कीटभृंग न्याय' किंवा 'भ्रमरकीट न्याय' या नावाने स्थिरावला. जुन्या मराठीत या माशीला भिंगुरटी असाही शब्द आढळतो. या न्यायाकडे आज साधारणपणे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी त्याला भाबडी समजूत म्हणून बाजूला सारते, तर दुसरी त्यात पूर्वजांचे विज्ञान शोधते. या दोन्ही दृष्टी इतिहासाच्या कसोटीवर अपुऱ्या ठरतात. न्यायामागील निरीक्षण कोणते, त्यावर उभारलेला अर्थ कोणता, आणि कीटकांचा ध्वनी व कंपन यांविषयीच्या आधुनिक अभ्यासाने त्यांपैकी कशाला पुष्टी दिली व कशाला छेद दिला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दृष्टान्ताचा प्रवास

श्रीमद्भागवतात हा दृष्टान्त दोन ठिकाणी येतो. सातव्या स्कंधाच्या आरंभी नारद युधिष्ठिराला शिशुपालाच्या सद्गतीचे कारण सांगतात. द्वेषाने किंवा भयाने का होईना, ज्याचे अखंड स्मरण घडते त्याचे रूप प्राप्त होते, हे पटवून देण्यासाठी तेथे भिंतीवरील मातीच्या घरात कोंडलेल्या किड्याचा दाखला दिला आहे. अकराव्या स्कंधाच्या नवव्या अध्यायात तोच किडा पुन्हा भेटतो. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांतील शेवटचा गुरू म्हणजे ही माशी. तिच्यासाठी तेथे 'पेशस्कृत' हा शब्द योजला आहे. तिच्या लगेच आधीचा गुरू कोळी आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. घरांच्या भिंतींवर मातीची नळकांडी बांधणारी कुंभारीण आपल्या पिलांसाठी कोळीच पकडून आणते. अवधूताच्या यादीत शेजारी बसलेले हे दोन गुरू प्रत्यक्षात भक्ष्य आणि भक्षक आहेत.

भागवताच्या या दोन्ही स्थळी कोंडणे आहे, भय आहे, ध्यान आहे. गुंजारव मात्र नाही. रूपांतर घडते ते किड्याच्या एकाग्रतेने, माशीच्या आवाजाने नव्हे. अकराव्या स्कंधात तर किडा आपला पूर्वीचा देह न टाकताच तद्रूप होतो, असेही सूचित केले आहे. म्हणजे मूळ दृष्टान्ताचा भर आतल्या किड्याच्या मनोव्यापारावर आहे. पुढे कीर्तन-प्रवचनांतून आणि लोकांच्या तोंडून हा दृष्टान्त फिरू लागला, तेव्हा माशीचा आवाज त्यात पुढे आला. गुरू शिष्याच्या कानी मंत्र सांगतो त्याप्रमाणे भृंगी अळीच्या कानाशी गुणगुणते आणि तिला आपल्यासारखी करते, हे रूप आज मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. ग्रंथातील ध्यानाचा दृष्टान्त लोकव्यवहारात नादाचा दृष्टान्त झाला. या बदलाला ग्रंथाचा आधार शोधण्यापेक्षा घरातल्या अनुभवाचा आधार शोधणे अधिक उचित होय. ज्याने कुंभारणीला ऐकले आहे त्याला दृष्टान्त सांगताना तो आवाज वगळता येणे कठीणच.

महाराष्ट्रात या दृष्टान्ताचा प्रसार होण्यास एकनाथी भागवत मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. एकनाथांनी अकराव्या स्कंधावरील ही टीका पैठणला आरंभिली व इ.स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. चातुर्मासात देवळांतून आणि घराघरांतून या ग्रंथाचे वाचन होत राहिले. शनिवार पेठेत मुठेच्या काठी पेशवेकाळात उभे राहिलेले ओंकारेश्वराचे मंदिर हे अशा श्रवणाचे एक स्वाभाविक स्थान. पुराण ऐकून घरी परतणाऱ्या श्रोत्याच्या ओसरीवर दृष्टान्तातील माशी प्रत्यक्ष काम करीत असे. ग्रंथ आणि भिंत यांत असे अंतर फारसे नव्हते.

पेठ आणि माशी

शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद. इ.स. १७३० च्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याची पायाभरणी केली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्यानंतर या परिसराचे स्वरूप पालटले. जुन्नरच्या जंगलातील सागवान, चिंचवडच्या खाणींतील दगड आणि जेजुरीचा चुना या वाड्यासाठी आणल्याचे सांगितले जाते. सरदार, कारकून आणि आश्रित यांची घरे भोवती वाढली. दगडी जोते, त्यावर लाकडी सांगाडा, विटा-मातीच्या भिंती, कडीपाटाचे छत आणि मधोमध चौक, ही वाड्यांची सर्वसाधारण रचना. पुढे कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळांतून शहरातील हौदांपर्यंत आले. कुंभारणीला घरासाठी लागते काय, तर पावसापासून सुरक्षित अशी कोरडी भिंत आणि हाकेच्या अंतरावर ओली माती. वाड्याने दोन्हींची सोय केली. भुंग्याने लाकडी वासे पोखरावेत आणि कुंभारणीने त्या वाशांच्या बेचक्यांत माती लिंपावी, असा हा सहवास होता. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, पण भोवतीच्या पेठेतील घरांत तो पुढे शतकाहून अधिक काळ टिकला.

याच सुमारास, इ.स. १७३४ ते १७४२ या काळात, पॅरिसमध्ये रेओम्यूर यांचे कीटकांच्या इतिहासावरील सहा खंड प्रसिद्ध होत होते. एकांड्या गांधीलमाश्या आपल्या पिलांसाठी अळ्या साठवतात, हे त्यांनी घरटी उघडून पाहिले होते. बाजीराव आणि रेओम्यूर हे समकालीन. दोन्ही शहरांत माशी सारखेच वागत होती. पुण्यात तिच्याविषयी कुतूहल नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यातील कुतूहलाला माशीकडून मोक्षमार्गाचा दाखला हवा होता, रेओम्यूर यांना माशीचीच हकिकत हवी होती. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेही निराळी.

चिनी साक्ष

कीटभृंग न्याय ही केवळ भारतीय कल्पना आहे असा समज असेल तर तो दुरुस्त करावा लागतो. प्राचीन चिनी काव्यसंग्रहात तुतीवरील अळी पळवून नेणाऱ्या माशीचा उल्लेख आहे. त्यावरून ही माशी परक्याची अळी दत्तक घेते, अशी समजूत तेथे रूढ झाली. इ.स.पू. पहिल्या शतकात जन्मलेल्या यांग श्योंग या विचारवंताने तर असे लिहिले की, माशी त्या अळीपाशी आपल्यासारखे होण्याचा घोष करीत राहते आणि दीर्घकाळाने अळी तशी होते. त्याने हा दाखला गुरुशिष्यांच्या संदर्भातच दिला आहे. आवाज, अळी, रूपांतर आणि शिष्य! दोन संस्कृतींनी एकमेकींकडून ही कल्पना घेतली असे मानण्याचे कारण नाही. माशी दोन्हीकडे होती, तिचा आवाज दोन्हीकडे ऐकू येत होता.

चीनमध्ये या समजुतीला उत्तरही मिळाले. इ.स. ५०० च्या सुमारास औषधी ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या ताओ होंगजिंग (इ.स. ४५६–५३६) या वैद्याने घरटी तपासली. बारीक कमरेची काळी माशी घराच्या भिंतींवर व भांड्यांच्या कडांना मातीच्या नळ्या बांधते, त्यांत राळ्याच्या दाण्याएवढे अंडे घालते, गवतावरचे दहाएक कोळी पकडून आत भरते आणि तोंड बंद करते. हे कोळी पिलाचे अन्न होय, असे त्याने नोंदवले. नळकांड्यांत राहणारी दुसरी माशी याचसाठी हिरव्या अळ्या आणते, हेही त्याने सांगितले. औषधी द्रव्यांची पारख करणाऱ्याला वस्तू फोडून पाहण्याची सवय असते. प्रवचनकाराला तशी गरज पडत नाही, आणि दृष्टान्त फोडून पाहिला तर तो दृष्टान्त म्हणून निकामी होतो, हेही खरे.

घरट्यात खरोखर काय घडते

मराठीत कुंभारीण हे नाव एकाहून अधिक जातींच्या माश्यांना दिले जाते. घरांत सर्वाधिक दिसणारी, काळ्या-पिवळ्या रंगाची आणि दोऱ्यासारख्या कमरेची माशी 'सेलिफ्रॉन' या प्रजातीतील आहे. तिच्या एका सामान्य भारतीय जातीला फाब्रिशियस यांनी १७८१ मध्ये मद्रासवरून नाव दिले. ही माशी कोळी साठवते. मडक्याच्या आकाराचे गोल घर करणाऱ्या 'युमेनिस' व 'डेल्टा' या माश्या अळ्या साठवतात. कीटभृंग न्यायातील अळी या दुसऱ्या गटातली असली पाहिजे. दोन्ही माश्या भक्ष्याला दंश करून लुळे करतात, मारत नाहीत. मेलेले भक्ष्य कुजेल, जिवंत व हिंडते भक्ष्य अंड्याला इजा करील. लुळे भक्ष्य मात्र ताजे राहते. फ्रान्समध्ये फाब्र यांनी मडक्याच्या घुमटाला खिडकी पाडून पाहिले, तेव्हा अंडे छताला बारीक धाग्याने टांगलेले आढळले. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात याचे वर्णन आहे. खाली वळवळणाऱ्या अळ्यांपासून अंडे सुरक्षित राहावे, एवढ्यासाठी ही योजना.

या माहितीच्या प्रकाशात दृष्टान्त पुन्हा वाचला तर त्यातील निरीक्षणाची सूक्ष्मता ध्यानात येते. कोंडलेली अळी मेलेली नाही, पण हलतही नाही, हे कोणीतरी घरटे फोडून पाहिले होते. या स्थितीचा अर्थ त्याने भय आणि ध्यान असा लावला. विषबाधेने आलेली निश्चलता त्याला समाधीसारखी वाटली. चुकले ते एवढेच की छताला टांगलेले अंडे, तांदळाच्या कणीएवढे, दिसले नाही. अंडे दिसले असते तर न्याय जन्मालाच आला नसता.

आता उरला गुंजारव. कुंभारीण पंख मिटलेले असतानाही उरोभागातील उड्डाणाचे स्नायू थरथरवू शकते. हे कंपन जबड्यांवाटे चिखलात उतरते, त्यामुळे चिखल सैल होतो, पसरतो आणि आधीच्या थराशी एकजीव होतो. गवंडी थापीने गिलावा ठोकतो, तसे हे काम आहे. म्हणजे ज्या आवाजाला उपदेश मानले गेले तो वस्तुतः हत्याराचा आवाज होता. तो अळीला उद्देशून नव्हता, मातीला उद्देशून होता.

पश्चिम भारतातील नोंदी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील कीटकांकडे पाहण्याची नवी रीत या प्रदेशात आली. एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्याचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकवले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि बंगल्याच्या आवारातील प्राणिमात्रांवरचे त्यांचे विनोदी पुस्तक त्याच वर्षी निघाले. बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालेत गांधीलमाश्या व मधमाश्यांचा खंड सिद्ध केला. मराठीतही विज्ञानलेखनाची परंपरा वाढत होती. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. या सर्व उद्योगात भर होता तो नमुने गोळा करणे, नावे देणे आणि सवयी नोंदवणे यांवर. टाचणीला टोचलेला कीटक आवाज करीत नाही. त्यामुळे ध्वनी हा विषय बराच काळ वर्णनाच्या कडेलाच राहिला.

कानाने न ऐकू येणारा संवाद

कीटकध्वनीच्या अभ्यासाचा इतिहास हा बराचसा मानवी कानाच्या मर्यादेचा इतिहास आहे. सिकाडाचा आवाज तोंडातून येत नाही, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते. फाब्र यांनी सिकाडांच्या झाडाखाली गावच्या उत्सवातील तोफा उडवल्या. किडे गातच राहिले, म्हणून ते बहिरे असावेत असे त्यांना वाटले. पुढे सिकाडांना श्रवणेंद्रिय असल्याचे सिद्ध झाले. तोफेच्या आवाजात त्यांच्या कामाचे काही नव्हते, एवढाच त्या प्रयोगाचा अर्थ. १९१३ मध्ये योहान रेगेन यांनी नर रातकिड्याचा आवाज टेलिफोनच्या तारेतून दुसरीकडे पोचवला आणि मादी त्या यंत्राकडे चालत आली. गंध नाही, दर्शन नाही, केवळ नाद.

परंतु रातकिडा आणि सिकाडा हे अपवाद आहेत, हे कळायला आणखी काळ जावा लागला. स्वीडनमधील ओसियानिल्सन यांनी १९४९ मध्ये तुडतुड्यांसारखे बारीक कीटकही संकेत देतात हे दाखवून दिले. भातशेतीतील तुडतुड्याचा नर पोट थरथरवतो, ते कंपन भाताच्या चुडातून खाली-वर जाते आणि त्याच चुडावरची मादी पायांनी ते जाणते. बांधावर उभ्या शेतकऱ्याला काहीच ऐकू येत नाही. कोक्रॉफ्ट व रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार कीटकांच्या सुमारे १,५०,००० ज्ञात जाती केवळ आधारभूत पृष्ठातील कंपनांवर विसंबून असतात आणि आणखी ४५,००० जाती कंपनाला इतर संकेतांची जोड देतात. हवेतून ऐकू येणारे गाणे हा या संवादाचा लहानसा भाग आहे.

मधमाशीच्या बाबतीतही हेच घडले. कार्ल फॉन फ्रिश यांना ज्या नृत्यभाषेसाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ते नृत्य अंधाऱ्या पोळ्यात चालते. तेथे नृत्याबरोबर उठणाऱ्या आवाजाचा शोध १९६० च्या दशकाच्या आरंभी लागला. सह्याद्रीतील सातेरी मधमाश्यांची पेटी धक्का लागून हलली की आतून एकसुरात फुत्कार उठतो. मधपाळांना तो जुनाच परिचयाचा, संशोधकांनी त्याचे मापन नंतर केले.

भय, कंपन आणि रूप

कीटभृंग न्यायाशी थेट भिडणारे संशोधन १९७८ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाले. टाउट्झ आणि मार्कल यांना असे आढळले की, कोबीवरील अळीच्या शरीरावर काही अतिशय नाजूक केस असतात. जवळून उडणाऱ्या गांधीलमाशीच्या पंखांनी हवेत उठणारी कंपने ते टिपतात, आणि कंपन जाणवताच अळी जागीच थिजते किंवा पानावरून खाली पडते. २००८ मध्ये टाउट्झ व रोस्टास यांनी दाखवले की, मधमाश्यांचा वावर असलेल्या रोपांवर अळ्या पाने लक्षणीय प्रमाणात कमी खातात. त्यांना मधमाशी आणि शिकारी माशी यांतला फरक कळत नाही. म्हणजे अळी माशीच्या गुंजारवाला खरोखरच भिते. दृष्टान्तातील भय काल्पनिक नव्हते. फक्त ते घरट्यात नाही, त्याआधी, पानावर असते.

त्याहून विलक्षण आहे तो गांधीलमाश्यांच्या पोळ्यातील व्यवहार. भारताच्या रुक्ष प्रदेशांतही आढळणाऱ्या पौर्वात्य गांधीलमाशीच्या अळ्या भूक लागली की जबडे कोठडीच्या भिंतीवर तालात घासतात. इशे आणि लांडाऊ यांनी १९७२ मध्ये या भुकेच्या संकेताचे वर्णन केले. येथे शिष्यच गुरूला हाक मारतो! उलट दिशेचा संकेतही आहे. कागदी पोळे करणारी 'पोलिस्टिस' ही माशी अळ्यांना भरवताना आपल्या शृंगिकांनी कोठडीच्या कडेवर ताशासारखे वाजवते. सूर्यनारायणन, हर्मनसन आणि जीन यांनी अमेरिकेतील अशा पोळ्यांना यंत्राने तसेच कंपन दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, कंपन मिळालेल्या अळ्यांपासून तयार झालेल्या माश्यांच्या शरीरात चरबीचा साठा कमी आढळला. असा कमी साठा हे कामकरी माशीचे लक्षण असते. अळीने पुढे राणीच्या वाटेने जावे की कामकऱ्याच्या, हे ठरण्यात आईने दिलेल्या कंपनाचा हात असतो, असा याचा अर्थ.

हे वाचून पूर्वजांना हेच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पोलिस्टिसची अळी ही मुळात पोलिस्टिसचीच असते. कंपनाने तिची जात बदलत नाही, जातीतील भूमिका बदलते. कीटभृंग न्यायात मात्र परक्या जातीची अळी माशी होते. शिवाय दृष्टान्त ज्या कुंभारणीवर आधारलेला आहे ती एकांडी आहे. घर लिंपून गेली की पिलाशी तिची गाठ पडत नाही. दोन गोष्टींत साम्य दिसते, पण एकीवरून दुसरीचा वारसा सिद्ध होत नाही. त्याचबरोबर, चुकीच्या निष्कर्षामुळे मूळ श्रवण खोटे ठरत नाही. अळी, माशी आणि कंपन यांचा काही संबंध असावा, ही शंका ज्या कानांना आली ते कान तिखट होते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने शनिवार व नारायण पेठांतील अनेक वाडे कोसळले. त्यानंतर आणि पुढील दशकांत तेथे सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. चौक गेले, हौद बुजले, तुळया जळणात गेल्या. कुंभारीण गेली नाही. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत, विजेच्या मीटरच्या पेटीमागे, न वापरलेल्या कुलपाच्या छिद्रातसुद्धा ती माती लिंपते. कुंडीतले पाणी झिरपून झालेला चिखल तिला पुरतो. रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजात तिचा गुंजारव आता सहसा ऐकू जात नाही. चिखलाला मात्र तो पूर्वीसारखाच पोचतो.